मेलेल्याला तीन घाव

बाहेरून कडी पडली, कुलूप लागल्याचा खट्ट आवाज आला आणि हवालदार शिंगट्यानं नेहमीसारखं दारावर बोटानं टकटक केलं. म्हणजे, रंगा, तू आत, मी बाहेर, लाग कामाला.

माझ्या हातात चिठ्ठी. शेपटीच्या पंख्याची पीन, नग एक, संध्याकाळी सहाच्या आत. दुपारचे दोन वाजून गेले होते. म्हणलं, पाच मिनिटांचं काम. काढतो, देतो, बाहेर जाऊन चहा पितो.

तो चहा मी पुढं चार वर्षांनी प्यालो. सांगतो.

छावणी कुठली ते विचारू नका. डोंगराच्या पायथ्याला होती, तिथं मिलिटरीची हेलिकॉप्टरं होती, एवढं पुरे. आमचं गोदाम म्हणजे जाड पत्र्याची लांबलचक शेड. दार एकच. वर हातभर झरोका, त्याला जाळी. आधी हे गोदाम जवानच सांभाळायचे. मग वरनं कागद आला की हेलिकॉप्टरचं सुटं सामान आता खाजगी कंपनी बघणार. बारा जवान बाहेर गेले अन् कंपनीची आम्ही तीन माणसं आत आलो. त्यातला मी एक. रंगनाथ साळुबा गांगुर्डे, शिक्षण सातवी, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं.

पण सामान मला कळायचं. नाशकात ट्रकच्या पार्टच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरला काढली होती. डोळे मिटून बेअरिंग हातात द्या, कुठल्या गाडीचं ते सांगायचो. दुकान बंद पडलं तेव्हा कंपनीच्या कुलथे साहेबांनी ते बघूनच मला उचललं. कुलथे म्हणजे कंपनीचा तिथला मुख्य माणूस. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं आपलं कौतुक चाललंय. गावाकडं मात्र मी कंपनीबिंपनी काही सांगितलं नव्हतं. फोटोवाला पास गळ्यात बघून लोकच म्हणायला लागले, रंगा मिलिटरीत लागला. मी पण कशाला खोडू? त्यावरच तर थोरलीचं लग्न जमलं होतं. सोयरे म्हणाले, बाप मिलिटरीत आहे, घर चांगलं असणार. तुळशीचं लग्न लागलं की आमचं लागणार होतं.

मिलिटरीनं गोदामावर आपला एकच माणूस ठेवला होता, हा शिंगटे. साताऱ्याकडचा, कोरेगावच्या पुढं कुठंतरी. दहा वर्षं त्यानं तेच गोदाम आतून सांभाळलं होतं. आता त्याच्याकडं फक्त बाहेरची किल्ली. नियम असा की कंपनीचा माणूस सामान काढायला आत गेला की बाहेरून कुलूप. सामान हातात आलं की आतून ठोठावायचं, मग तो उघडणार. रिकाम्या हातानं बाहेर यायचं नाही. पहिल्या दिवशी मी म्हणलं, हवालदार, मधेच लघवी लागली तर? म्हणाला, डबा ने, त्यालाबी कार्ड बांध.

कार्ड म्हणजे तिथला प्राण. प्रत्येक सामानाला सुतळीनं एक कार्ड बांधलेलं. हिरवं म्हणजे चांगलं, बसवायला तयार. पिवळं म्हणजे आयुष्य संपलं म्हणून हेलिकॉप्टरवरून उतरवलेलं, ते परत बसवायचं नाही. किती तास उडालं, कधी उतरवलं, सगळं त्यावर. वस्तू कितीही चकचकीत असू द्या, कार्ड गेलं की ती मेली. मेलेल्या सामानासाठी कोपऱ्यात ऐरण होती, छिन्नी होती, घण होता. ते काम शिंगट्यानं मला शिकवलं. मी पहिल्यांदा एक घाव घालून घण खाली ठेवला तर म्हणाला, एक घाव घातलेला बोल्ट घासूनपुसून परत बसवलेला बघितलाय मी, मेलेल्याला तीन घाव घालायचे. जवानांच्या वेळेला मेलेलं सामान त्याच दिवशी ऐरणीवर जायचं. कंपनी आली अन् कुलथे साहेब म्हणाले, असं रोज फोडत बसू नका, साठवा, एकदम परत पाठवू. अन् नवं सामानही लागेल तेवढंच मागवायचं. त्यामुळं एकाच फळीवर, एका डब्यात नवी वस्तू अन् शेजारच्या डब्यात थकलेली, असं चालायचं.

तर मी हिरव्या कार्डाचा डबा उघडला. पीन बाहेर काढली. बोटभर लांब, टोकाला आटे. शेपटीच्या पंख्याची पात तिच्यावर तोललेली असते. ती तुटली की पुढचं मी सांगायला नको. पिनेवरचा नंबर अन् कार्डावरचा नंबर जुळवायचा, मगच द्यायची. मी पीन फिरवली. परत फिरवली. उजेडात धरली.

नंबर नव्हता.

असल्या पिनेवर नंबर कोरत नाहीत. कोरलं की तिथूनच बारीक चीर सुरू होते, म्हणून पांढऱ्या रंगानं लिहितात. तो रंग गेलेला. मी शेजारचा पिवळ्या कार्डाचा डबा उघडला. त्या पिनेवरही नंबर नाही. दोघी अशा लखलखीत, जशा काही जुळ्या बहिणी न्हाऊन बसल्यात.

तेव्हा मला खंडेनवमी आठवली.

तीन आठवडे झाले असतील. खंडेनवमीला हत्याराची पूजा नाही केली तर वर्षभर हात चालत नाही, हे आमच्या रक्तातलं. दुकानात असताना कधी चुकवली नव्हती. मी पाने, हातोडे, ऐरण, सगळं धुऊन मांडलं. शिंगट्यानं बाजारातून झेंडूची माळ आणली. मांडामांड बघून म्हणाला, नुसत्या पान्यांची कसली पूजा करतोस, हेलिकॉप्टरचं पण काहीतरी ठेव की. मला पटलं. मी फळीवरचं उठून दिसेल असं पाचसहा सामान काढलं. त्यात या दोन पिना. दोन का? एक बरी दिसेना. कार्डांना कुंकू लागू नये म्हणून कार्डं सोडून बाजूला ठेवली. अन् देवापुढं ठेवायच्या म्हणून फडकं घेतलं, रॉकेल घेतलं, अन् घासल्या. चांगल्या खसाखसा घासल्या. पूजा झाली, नारळ फुटला, खोबरं वाटलं. मग मी कार्डं परत बांधली.

कुठलं कुठल्याला?

मी ऐरणीच्या बाजूला बसलो. दोन्ही पिना मांडीवर. मी आठवतोय. उजवीकडं ठेवली होती ती हिरवी. का डावीकडं? माळ मधे होती. शिंगटे नारळ घेऊन इकडून आला. म्हणजे मी तिकडं सरकलो. सरकताना ताट फिरवलं का? एकदा वाटायचं, बरोबरच बांधली असणार, एवढी वर्षं हाच धंदा केला. लगेच वाटायचं, तेव्हा तुझं लक्ष खोबऱ्यात होतं.

मग म्हणलं, हाताला विचारू. डोळे मिटले. नख फिरवलं. थकलेल्या लोखंडाला पात बसते तिथं बारीक पायरी पडते, ती नखाला लागते. पहिलीला लागली. जीव भांड्यात पडला. खात्रीला दुसरीवर फिरवलं, तर तिलाही लागली. परत पहिली, तर गुळगुळीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोटांनी मला उत्तर दिलं नाही.

बाहेरून शिंगट्यानं विचारलं, "सापडली का रं?"

"शोधतोय," मी म्हणलं.

त्याला सांगणार कसा? माळ त्याची, 'काहीतरी ठेव' म्हणणारा तो. अन् पेन्शनीला दोन महिने राहिलेले. रोज दाराशी बसून गावाकडच्या विहिरीवर कुठली मोटर बसवायची ते सांगायचा. माझ्यासाठी त्याची विहीर कोरडी पाडू?

अन् गप्प बसायचं तर आमचे एक मेजरसाहेब होते, मराठी नव्हते, पण रोज सकाळी गोदामावरून जाताना माझ्यासाठी एवढं मराठी शिकले होते, "गांगुर्डे, सगळं ठीक?" मी म्हणायचो, ठीक साहेब. ते मान हलवायचे अन् जाऊन हेलिकॉप्टरात बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ही पीन बसवलेलं हेलिकॉप्टर घेऊन तेच उडणार होते, मागं सहा जवान. सकाळी ते विचारणार. मी काय म्हणणार?

गोदामात काळा फोन होता, छावणीतल्या छावणीत लागणारा. तीन वाजता मी कुलथे साहेबांना फोन लावला अन् सगळं सांगितलं. शिंगट्यानं सुचवलं तेवढं गाळलं. माळेचं मात्र बोलून गेलो. वाटलं होतं, साहेब शिव्या देतील. त्यांनी दिल्या नाहीत. त्यांचा आवाज आणखीच मऊ झाला.

"दोन्ही एकाच मापाच्या?"

"हो साहेब. पण एक थकलेली आहे."

"कोणती?"

"तेच कळत नाही."

"गांगुर्डे, तुमच्यासारख्या माणसाला कळत नाही, तर दुसऱ्या कुणाला कळणार आहे?"

मला आधी हा दिलासा वाटला. अर्थ उशिरा डोक्यात शिरला.

"साहेब, दोन्ही मेल्या म्हणून लिहू अन् नवी मागवू."

"नवी यायला दहाबारा दिवस. तोवर मशीन जमिनीवर, अन् का ते विचारायला अख्खी छावणी आपल्या दारात. तुम्ही काय सांगणार? पूजा केली? तुमच्या मुलीचं तुळशीनंतर ना? अन् शिंगट्यांचे किती, दोन महिने? माळ त्यांनीच आणली होती म्हणालात. तुम्ही काही करू नका. कशाला हात लावू नका. मी येतो. नंबर मी लिहितो, कार्ड मी बांधतो. तुम्ही फक्त दार ठोठावा."

फोन ठेवला. साहेबांचं ऑफिस गेटापाशी, तिथून गोदाम मोटारसायकलनं दहा मिनिटं. पत्र्याची शेड दुपारची भट्टीसारखी तापली होती. बाहेर पडावं तर हातात सामान पाहिजे. सामान हातात घ्यावं तर ते कुठलं, माहीत नाही. दाराला कुलूप, झरोक्याला जाळी, अन् जो एक माणूस बाहेर बसलाय त्यालाच तोंड दाखवायची चोरी. पिंजऱ्यात उंदीर सापडतो ना, त्याला निदान खोबरं तरी मिळालेलं असतं. माझं खोबरं तर तीन आठवड्यांपूर्वीच खाऊन झालं होतं.

मला एक गोष्ट लख्ख कळत होती. साहेब आत आले की माझ्याच्यानं नाही म्हणवणार नाही. त्या मऊ बोलण्यापुढं मी कधीच टिकलो नव्हतो. ते नंबर लिहितील, सुतळी माझ्या हातात देतील, अन् मी गाठ मारीन. स्वतःची खात्री माणसाला असते, हो. मला होती की मी गाठ मारीन.

दूर मोटारसायकल वाजली.

मी उठलो. पिवळ्या कार्डाची पीन ऐरणीवर आडवी घेतली, आट्यांवर छिन्नी धरली अन् घण उचलला. पहिला घाव. छिन्नी सटकली, अंगठ्याचं सालपट गेलं. दुसरा बरोबर बसला. तिसरा.

मोटारसायकल दाराशी बंद झाली. साहेब म्हणाले, उघडा. शिंगटे काहीतरी बोलला. साहेब परत म्हणाले, उघडा. मग शिंगट्याचा आवाज, अगदी रडवेला, "किल्ली सापडंना, साहेब. आत्ता हितंच होती."

देवानंच किल्ली हरवली असं मला वाटलं. पण घण मात्र मी खाली टेकवला होता. का सांगू? एक पीन मेली होती. पिवळ्या कार्डाची. समजा, मी कार्डं बरोबर बांधली असतील, तर थकलेली तीच. मग उरलेली चांगलीच की. हिरवं कार्ड आहेच तिला. आता साहेबांनी नंबर लिहिला तर खोटं काय? पोरीचं लग्न, हवालदाराची विहीर, सगळं त्या एका पिनेवर तोललेलं. मी उभा. घामाचा एक थेंब ऐरणीवर पडला अन् लगेच वाळला, तेवढं मी बघत बसलो.

साहेब आता दार बडवत होते. "गांगुर्डे, काय फोडताय? थांबा. थांबा म्हणतो."

मी गुमान थांबलो होतो की. पण सकाळ डोळ्यापुढं आली. गांगुर्डे, सगळं ठीक? अन् मला 'ठीक साहेब' हे दोन शब्द तोंडात जुळवून बघता येईनात. मनातल्या मनातसुद्धा येईनात.

दुसरी पीन ऐरणीवर घेतली. चार. पाच. सहा.

मग दोन्ही पिना, दोन्ही कार्डं हातात घेतली अन् ठोठावलं. सामान हातात होतं. नियम मोडला नव्हता. अन् बघा, किल्ली लगेच सापडली. दार उघडलं. उजेड डोळ्यात घुसला. कुलथे साहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं, आट्यांवरच्या खाचा बघितल्या, अन् पहिल्यांदाच त्यांच्याकडं मऊ शब्द उरला नाही. शिंगट्यानं काहीच बघितलं नाही. तो कुलपात किल्ली फिरवत होता, उघडं होतं तरी.

पुढचं थोडक्यात. हेलिकॉप्टर अकरा दिवस जमिनीवर बसलं. चौकशी झाली. मी पूजा माझी, चूक माझी, असं सांगितलं, शिंगट्याचं नाव घेतलं नाही. नंतर कळलं, त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं की माळ माझी, सल्लाही माझा. पेन्शन वाचली, पण गेला तो निरोपाच्या जेवणाशिवाय, बाजूच्या गेटानं. मला कंपनीनं त्याच आठवड्यात काढलं. पास काढून घेताना गेटावरच्या जवानानं फोटोतला माणूस मीच का ते नीट बघून घेतलं, एवढी माझी रया गेलेली. सोयऱ्यांना जाऊन खरं सांगितलं. व्याही म्हणाला, आम्ही पत्रिकेत मिलिटरी छापलंय, आता कोण बदलणार? लग्न लागलं. तो अजून लोकांना तेच सांगतो.

अन् तपासायला शहरातून एक साहेब आला होता, भिंग घेऊन. दोन्ही पिना बघून म्हणाला, आटे मारलेत, घासून ठेवल्यात, आता कुठली नवी अन् कुठली जुनी ते मी नाही सांगू शकत. म्हणजे मी कार्डं बरोबर बांधली होती का उलटी, ते मला आजही माहीत नाही. बरोबर बांधली असतील तर मी एक चांगली पीन फोडली, अकरा दिवस मशीन बसवलं, नोकरी घालवली, सगळं फुकट. असंही असेल. मी नाही म्हणत नाही.

मग मी आमच्या फाट्यावर ट्रॅक्टरच्या पार्टचं छोटं दुकान टाकलं. चौथ्या वर्षी खंडेनवमीला मी पाने मांडत होतो, तर दारात माणूस उभा. हातात झेंडूची माळ. केस पांढरे झालेले, पण उभा राहणं तेच, हवालदाराचं. कोरेगावच्या पुढून एसटीनं आलेला. म्हणाला, पत्ता शोधायला चार वर्षं लागली, लिहून कुणी दिलाच नाही. मी चहा मागवला. तोच तो, राहिलेला चहा.

त्यानं मांडामांड बघितली. नुसते पाने, हातोडे अन् ऐरण. म्हणाला, "सामान नाही ठेवलंस?"

"नाही ठेवत आता," मी म्हणलं.

विहिरीला मोटर बसवली, पाणी बरं आहे, असं सांगत होता. मी मधेच म्हणलं, हवालदार, त्या दिवशी देवानं तुमची किल्ली हरवली म्हणून, नाहीतर तिसऱ्या घावानंतर साहेब आत असते.

त्यानं कप खाली ठेवला.

"झरोका उघडा असतो, रंगा. तुझा फोन मी सगळा ऐकला. किल्ली माझ्या मुठीत होती. मेलेल्याला तीन, अन् तुझ्याकडं मेलेल्या दोन. मी मोजत होतो."

त्या शेडमधे मी स्वतःला कोंडलेला समजत होतो. अन् हा बाहेर, कुलथ्याच्या तोंडासमोर, आपली पेन्शन मुठीत धरून दार राखत होता.

मी विचारलं, "अन् मी तीनावरच थांबलो असतो तर?"

त्यानं माळ उचलली, ऐरणीला गुंडाळली, टोकं नीट खोचली.

"थांबला होतास की," म्हणाला. "मी पण मूठ उघडली नव्हती."